खांबाकडचा काळा-पांढरा फोटो

आमच्या गावात काळा-पांढरा फोटो मेलेल्या माणसाचा असतो. हा शास्त्रातला नियम नाही, बॅनर छापणाऱ्यांनी घालून दिलेला आहे. वाढदिवस असला की बॅनर रंगीत, माणसाच्या डोळ्यांवर गॉगल, मागे सूर्यफुलांचं शेत. तोच माणूस गेला की तोच फोटो, गॉगलसकट, रंग काढून घेऊन आणि कोपऱ्यात एक समई टाकून परत चौकात लागतो. मोबाइलवरही तेच. ग्रुपवर कुणाचा काळा-पांढरा चेहरा दिसला की खालचा मजकूर वाचायच्या आधीच लोक जोडलेले हात पाठवायला लागतात. अशा गावात राहून मी काळे-पांढरे फोटो काढायला घेतले, यावरून माझ्या व्यवहारज्ञानाची कल्पना यावी.

मी पेडण्यात शाळेत भूगोल शिकवते. माझ्याकडे फिल्मचा जुना कॅमेरा आहे. काळी-पांढरी फिल्म घरच्या न्हाणीत धुता येते, रंगीत येत नाही, एवढंच माझ्या कलेमागचं कारण. कुणी फारच खोदून विचारलं तर मी छाया-प्रकाशाबद्दल काहीतरी बोलते आणि ते समाधानाने मान हलवतात. शिवाय हरमलच्या किनाऱ्यावर भाड्याच्या स्कूटरवरून हिंडणारी मंडळी गोव्याचे इतके रंगीत फोटो काढतात, की त्यात माझी भर पडली नाही म्हणून काही अडणार नव्हतं.

विषय मी स्वतः निवडला होता, सार्वजनिक स्मारकं आणि त्यांच्याभोवतीचं रोजचं जगणं. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मी पुतळ्यांच्या पायऱ्यांवर लोकांनी काय काय ठेवलंय त्याचे फोटो काढत फिरत होते. स्मारक उभं राहतं तेव्हा भाषणं होतात, नारळ फुटतो, आणि दुसऱ्या दिवसापासून चौथऱ्याचा ताबा गाव घेतं. चोपड्याला नदीकाठच्या एका स्मृतिशिळेवर जाळं वाळत घातलेलं असायचं. डिचोलीच्या एका बागेत अर्धपुतळ्याभोवतीच्या कठड्याला कोल्हापूर-बेळगावकडच्या बांधकाम मजुरांच्या जेवणाच्या पिशव्या टांगलेल्या असत, मुकादमाचा टेम्पो येईपर्यंत. त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "बाई, रंगीत काढा की. गावाकडं पाठवतो. ह्यात आम्ही मेल्यागत दिसतोय." मग मी त्यांचा एक मोबाइलवर रंगीत काढला आणि त्यासाठी त्यांनी केस विंचरले. आमच्या बाजारातल्या फुलं विकणाऱ्या बाईनं तर पदर तोंडावरच ओढून घेतला. "माजो काळो फोटो काढू नको गो बाय. सुनेक हार घालूक आयतोच गावतलो."

आमच्या गावचं स्मारक म्हणजे बाजारातला खांब. गोवामुक्तीच्या लढ्यात गेलेल्यांच्या आठवणीचा तो स्तंभ आहे, पण त्याला स्तंभ म्हणताना मी फक्त पाहुण्यांना ऐकलंय. खांबाकडे उतर, खांबाकडे उभी रव, खांबाकडे मासे चांगले मिळतात, असा तो सगळ्यांचा पत्ता आहे. मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी त्याला धुऊन रंग देतात. एरवी त्याच्या चौथऱ्यावर हेल्मेटं असतात, कुणाच्या तरी सुकत घातलेल्या मिरच्या असतात, बस चुकलेली माणसं असतात. मला यात अपमान कधी वाटला नाही. माणसं टेकतात म्हणून तर तो खांब आमचा आहे.

तिथे रोज सकाळी माझे वडीलही टेकायचे. मी त्यांना पपा म्हणते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पपांनी ऐंशी ओलांडलीय, गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. खांबाकडे जायचं कारण विचारलं तर पावाचं सांगायचे, मागच्या दुकानात गरम उंडे मिळतात म्हणून. आता उंडे घेऊन पोदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळी सायकलचा भोंपू वाजवत आमच्या दारात येतो. पण दारातले उंडे थंड असतात, असं पपांचं मत. काठी टेकत बाजारात जाऊन, तासभर बसून, ते जे उंडे घरी आणायचे ते कितपत गरम असत हे मी त्यांना कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडायला एक निमित्त लागतं, तेवढं असू द्यावं.

एका रविवारी खांबाचे सगळे फोटो मी जेवणाच्या टेबलावर मांडले. त्यात निवडणुकीचे झेंडे बांधलेला खांब होता, भर पावसातला होता, चौथऱ्यावर बकरी चढलेली होती. बऱ्याच फोटोंत कडेला पपा होते, आणि प्रत्येकात त्यांचं तोंड एकाच बाजूला होतं. त्या बाजूला सकाळचं ऊन येतं. सावली पलीकडे असते, आणि शहाणी माणसं पलीकडेच बसतात. पपा उन्हात, डोळ्यांवर हात धरून, रस्त्याकडे बघत बसलेले. तिथे म्हापशाची बस थांबते. डिचोलीकडून आमच्याकडे यायचं तर म्हापशाला बस बदलून यावं लागतं, आणि डिचोलीजवळ शिरगावला माझी आते राहते. इतकी वर्षं मी त्यांना रोज बघत होते, पण हे मला कागदावर उतरल्यावर दिसलं.

आते म्हणजे पपांची धाकटी बहीण. पाच भावंडांतली ही दोघंच आता उरलीत आणि दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. भांडण जमिनीचं असतं तर एव्हाना दोघंही दमली असती. भांडण आमंत्रणाचं होतं. आतेच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला मामा हाताला धरून मांडवात आणतो. त्यामुळे मामाच्या घरी नारळ आणि अक्षता घेऊन स्वतः जायचं, ते झालं की मग बाकीचा गाव. आतेच्या डोक्यावर तेव्हा सगळा कारभार एकटीचा होता. दादा घरचाच, त्याच्याकडे निवांत जाऊ, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात तिच्या मुलानं उत्साहाच्या भरात सगळ्या नातेवाइकांना पत्रिका मोबाइलवर पाठवून दिली. पपांनी ती पाहिली. "मामाक मोबायलार?" एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी आते नारळ घेऊन आली तेव्हा पपा मुद्दाम घराबाहेर पडले होते. ती संध्याकाळपर्यंत थांबली आणि नारळ देवासमोर ठेवून गेली. लग्नाला ते गेलेच नाहीत. मांडवात मुलीचा हात दूरच्या नात्यातल्या एका मामानं धरला, आणि आतेनं चार बायकांसमोर सांगून टाकलं, की दादाच्या दारात पाय ठेवीन तो आता तो मेल्यावरच. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, तीच पंचाईत झाली. सगळी चूक एकाची असती तर त्यानं कधीतरी कान पकडले असते. मी सुरुवातीला मध्ये पडून पाहिलं. पपांनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं आणि आतेनं माझा फोन घेणं सोडून दिलं.

गेल्या थंडीत पपांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना म्हापशाला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटल्यावर त्यांनी मला विचारलं, "तिका कळवलंस?"

"नाही," मी म्हटलं.

"बरा केलंस," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. या माणसाला मरायच्या आधी एकदा बहीण घरी यायला हवी होती, आणि ते मागायची त्याची तयारी नव्हती. मला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण तीही तिकडे अशीच कुठल्यातरी भिंतीकडे तोंड करून झोपत असणार.

त्यानंतर काही महिन्यांनी डिचोलीच्या एका वाचनालयाने माझे फोटो आठवडाभर त्यांच्या हॉलमध्ये लावायचं ठरवलं. मी निवड केली. त्यात पपांचा एक फोटो घेतला, खांबाला पाठ टेकून बसलेला, मांडीवर उंड्यांची पिशवी, ऊन तोंडावर आणि डोळे मिटलेले. बस येऊन गेली होती. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला फार आवडतं, पण त्याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. लावू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "लाव गो. फोटो लावल्यान कोण मरणा नाय."

शनिवारी उद्‌घाटन झालं. पाहुण्यांना हार घातला, त्यांनी रीतीप्रमाणे तो लगेच काढून टेबलावर ठेवला आणि भाषण सुरू केलं. भाषणात ते माझ्या फोटोंवरून जागतिक शांततेकडे गेले. ते परत येईपर्यंत मी थांबले असते तर अंधार पडला असता, म्हणून चहा घेऊन स्कूटरवरून घरी आले. पुढचं मला नंतर कळलं. कार्यक्रम संपल्यावर हॉल आवरणाऱ्यापुढे त्या हाराचा प्रश्न आला. सत्काराचा हार कुणाला केरात टाकवत नाही, आणि ज्याला घातला तो तर घरी नेतच नाही. अशा वेळी आपल्याकडे जो खिळा मोकळा दिसेल त्याला हार अडकवतात. प्रत्येक हॉलमध्ये असे वाळलेले हार असतात, कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. इथे मोकळा खिळा पपांच्या फोटोच्या वर होता.

संध्याकाळी आतेची मुलगी तिथे आली, तीच, जिच्या लग्नावरून सगळं झालं. ती लग्न होऊन डिचोलीतच राहते आणि मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं बदलायला वाचनालयात येते. हॉलमध्ये सहज डोकावली तर समोर मामा. काळा-पांढरा, डोळे मिटलेले, वर झेंडूचा ताजा हार. तिनं कुणाला काही विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं तरी काय? ती पुस्तकं न बदलताच बाहेर आली आणि रडत रडत आईला फोन केला.

आम्हाला फोन करून खात्री करून घ्यावी असं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आता यावर सगळे हसतात, पण मी हसत नाही. माणूस गेला का हो, असं त्याच्याच घरी फोन करून कुणी विचारत नाही. आणि आतेला त्या क्षणी दुःखाइतकाच माझा राग आला होता. सख्ख्या भाचीनं कळवलंसुद्धा नाही, बाराव्याला तरी बोलावणार होती की नाही. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, भावाच्या नावानं आंघोळ केली आणि न जेवता पडून राहिली. सकाळी पहिल्या बसने मायलेकी निघाल्या.

रविवार होता. मी मासे घ्यायला बाजारात गेले होते आणि येताना पपांना घेऊन जावं म्हणून खांबाकडे वळले. ते नेहमीच्या जागी बसले होते. म्हापशाची बस आली. आधी पिशव्या उतरल्या, मग कॉलेजची मुलं, आणि मग आते. फिकट रंगाची जुनी साडी, कपाळ कोरडं, हातात काही नाही. मागून तिची मुलगी. माझ्या हातातली माशांची पिशवी कलंडली ते मला पाणी पायावर आल्यावर कळलं.

आतेनं मान वर केली आणि तिला भाऊ दिसला. ती जागच्या जागी उभी राहिली. बस निघून गेली, धूळ बसली, तरी ती तिथेच. पपाही उठले नाहीत. उठणं त्यांना पटकन जमतही नाही.

"कित्याक इलंस?" पपांनी विचारलं.

"तू गेलंस म्हणान इलंय."

"आणि मी जितो असंय म्हणान कळला असता तर?"

"तर कित्याक येतंय?" आते म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही तिनं मनावर घेतलं नाही. मग तिला मी दिसले. "आणि तुका तरी एक फोन करूक नको होतो? हार घालून फोटो लायतंस आणि माका सांगणा नाय?"

कसला हार, ते मला कळेना. तिच्या मुलीनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "हार होता गं ताई फोटोला," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि बोलता बोलता एकदा पपांकडे बघून तिनं तोंडावर हात घेतला. फुलवाली, मासेवाली, हेल्मेट घ्यायला आलेले दोघं, सगळे काम सोडून उभे राहिले होते. आमच्या गावात कुणाचं खाजगी फार वेळ खाजगी राहत नाही.

आतेनं पदर खोचला. "परतीची बस कितक्यान असा?" तिनं फुलवालीला विचारलं. ती जाणार होती. दारात पाय ठेवीन तो मेल्यावरच, असं ती चार बायकांसमोर बोलून बसली होती, आणि समोर भाऊ धडधाकट बसलेला. बोललेला शब्द गिळणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही. मला वाटलं, आता ही गेली तर परत येणार नाही. आणि पुढच्या वेळी बातमी खरी असेल.

पपा काठीच्या मुठीकडे बघत होते. "काल तू न्हालंस मा?" त्यांनी विचारलं. "माज्या नावान?"

"न्हालंय," आते म्हणाली. "डोक्यावरसून. गार पाण्यान."

"मगे? तुज्या लेखी मी गेलंय. तुजा बोलणा खरा झाला." ते काठीवर जोर देऊन उठायला लागले. "आता चल घराक."

चौथरा बुटका, गुडघे आखडलेले, त्यांना उठता येईना. आतेच्या मुलीनं पुढे होऊन हात दिला. तो धरून पपा उभे राहिले, आणि उभे राहिल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. तसेच तिचा हात धरून चालायला लागले, मासळीच्या टोपल्यांमधून, दुकानांवरून, सगळ्या बाजारादेखत. ती दोन मुलांची आई, मान खाली घालून त्यांच्या बरोबरीने चालत होती. मला रडू आवरेना. मांडवात जे करायचं राहिलं होतं ते पपा करत होते, आणि ते त्या दोघांनाही कळत होतं. आते काही वेळ खांबाकडेच उभी होती. मग माझ्या हातातून माशांची पिशवी ओढून घेत म्हणाली, "किती पाणी गळता हेचा. चल."

दारातल्या नळावर तिनं पाय धुतले आणि उंबरा ओलांडला. मी तिच्या पावलांकडेच बघत होते, पण तिचं लक्ष तुळशीकडे होतं. तुळस वाळली म्हणून तिनं मला दोन शब्द सुनावले. मग स्वयंपाकघरात जाऊन माझा चहा ओतून टाकला आणि स्वतःचा ठेवला. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं. पातळभाजी आणि उंडे मी पुढे ठेवले तेव्हा तिनं आधी पपांना वाढलं. बोलणं जुनंच चाललं होतं. कोण कोण गेलं, कुणाच्या मुलाला खाणीवरची नोकरी सुटल्यावर दुसरी मिळाली, कुणाचं घर वीसजणांच्या भांडणात पडून आहे. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. मध्येच आते भावाच्या मनगटाला हात लावून बघायची, गरम आहे की नाही ते.

दोघींना दुपारच्या बसने जायचं नव्हतं, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. आतेनं माझी धुतलेली साडी मागून घेतली. मुलीनं नवऱ्याला फोन करून मुलांचं जेवण सांगितलं. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर चोपड्याच्या एका ओळखीच्या बाईचा संदेश आला. हात जोडलेले, खाली पपांबद्दल दोन ओळी आणि संध्याकाळी येते म्हणून. डिचोलीच्या हॉलमधली बातमी पुढे सरकली होती. मी तो वाचून दाखवला.

"फोटो पयलो काढ थंयसून," आते माझ्यावर कडाडली. "आत्ताच्या आत्ता जा. लोकांका काय वाटात?"

मी स्कूटरची चावी घेतली. पपा उंड्याचा तुकडा भाजीत बुडवत होते. मान वर न करता म्हणाले, "रवांदे गो आठ दीस. आणखी कोण कोण येता बघया."